सिनारिओ प्लॅनिंग म्हणजे काय? भविष्य ओळखता येत नसताना तयारी कशी करायची

हवामानाच्या ॲपवर उद्या पावसाची शक्यता ८० टक्के दिसली की आपण छत्री घेतो. हा झाला अंदाज, म्हणजे फोरकास्ट. उद्याच्या पावसासाठी तो मस्त चालतो. ढग, वारा, हवेचा दाब यांचे नियम आज जे आहेत तेच उद्या असतात, आणि अंदाज चुकला तर फार तर कपडे भिजतात.

पण "अजून ७ वर्षांनी कोडिंगच्या नोकऱ्या असतील का?" हा प्रश्न तसा नाही. इथे खेळाचे नियमच मध्येच बदलतात, आणि चुकलं तर कपडे नाही, वर्षं आणि पैसे जातात. अशा प्रश्नांसाठी फोरसाइट नावाचं एक शास्त्र म्हणा किंवा पद्धतींचा संच म्हणा, तयार झालेला आहे. त्यातली सगळ्यात उपयोगी पद्धत म्हणजे सिनारिओ प्लॅनिंग. आजच्या लेखात मुख्यतः तीच समजून घेऊ. कंपन्या आणि सरकारं ती वापरतातच, पण एका घरासाठी ती कशी वापरायची हे मी एका खऱ्या उदाहरणावरून दाखवणार आहे.

अंदाज आणि सिनारिओ यात फरक काय?

अंदाज सांगतो, "असं होईल." सिनारिओ सांगतो, "असं होऊ शकतं, आणि तसंही होऊ शकतं. दोन्हीत तुझं काय?"

आपल्या फोनमधलंच उदाहरण घ्या. २९ जून २०२० ला भारत सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. आपल्याकडे गावोगावची पोरं टिकटॉकवर स्टार झाली होती, काहींचं घर त्यावर चालायचं. एका रात्रीत सगळे फॉलोअर्स गेले. काहीजण मात्र लवकर सावरले. त्यांना बंदीचा सुगावा लागला होता असं नाही. त्यांनी तेच व्हिडिओ यूट्यूबवरही टाकून ठेवले होते, एवढंच. "हे ॲप उद्या नसेल तर?" हा प्रश्न त्यांनी कळत-नकळत आधी विचारलेला होता. सिनारिओ प्लॅनिंग हेच काम ठरवून, पद्धतशीर करतं.

म्हणजे ही भविष्य सांगायची विद्या नाही. चांगला सिनारिओ खरा ठरलाच पाहिजे असंही नाही. त्याच्यामुळे आजचा निर्णय सुधारला, तर त्याने त्याचं काम केलं.

ही पद्धत आली कुठून?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत रँड कॉर्पोरेशन नावाची संशोधन संस्था लष्करासाठी काम करायची. तिथे हर्मन कान हा माणूस अणुयुद्ध झालं तर काय काय होऊ शकेल याच्या तपशीलवार गोष्टी रचायचा. 'सिनारिओ' हा शब्द त्यासाठी सिनेमाच्या दुनियेतून उचलला गेला. पण या पद्धतीला खरं नाव मिळालं ते शेल या तेल कंपनीत, आणि ती गोष्ट जरा निवांत सांगण्यासारखी आहे.

१९६० च्या दशकात शेलकडे संगणकावर चालणारी नियोजन यंत्रणा होती. पुढच्या काही वर्षांची मागणी, उत्पादन, खर्च यांची आकडेमोड ती करायची. (आपल्या भाषेत, जुन्या डेटावर ट्रेन केलेलं मॉडेल.) महायुद्धानंतर तेलाची मागणी दरवर्षी वाढतच होती, त्यामुळे मागची रेघ पुढे ओढली की उत्तर बरोबर यायचं. बरोबर येत राहिलं म्हणून विश्वास वाढला, आणि विश्वास वाढला म्हणून रेघ कधी मोडेल हे कोणी विचारेना.

लंडनच्या ऑफिसमधल्या पिएर वाक या फ्रेंच नियोजकाला आणि त्याच्या सहकाऱ्यांना ही रेघ पटत नव्हती. त्यांनी आधी काही भविष्यचित्रं बनवून वरिष्ठांना दाखवली. वरिष्ठांनी माना डोलावल्या आणि पुढे काहीच झालं नाही. वाकने नंतर स्वतः लिहिलं की ते पहिले सिनारिओ निरुपयोगी होते. भाव वाढेल, भाव पडेल, मधेच राहील, असं सांगितल्यावर कोणता मॅनेजर काय करणार? त्याला हे आधीच माहीत होतं.

मग त्याने प्रश्न बदलला. तेलाचा भाव किती होईल हे सोडून त्याने तेल विकणाऱ्या प्रत्येक देशाच्या खुर्चीत बसून विचार सुरू केला. सौदी अरेबियासारख्या देशाची लोकसंख्या कमी. येणारा पैसा खर्च करायलाही मर्यादा. असा देश उत्पादन वाढवतच का नेईल? जमिनीतलं तेल उद्या महाग होणार असेल, तर ते जमिनीतच ठेवणं शहाणपणाचं. त्यात तेल कंपन्या आणि हे देश यांच्यातला १९७१ चा तेहरान करार थोड्याच वर्षांत पुन्हा वाटाघाटीला येणार होता. हे सगळं जुळवल्यावर दिसलं की भावाची उडी जवळजवळ ठरलेली आहे. अनिश्चित आहे ती फक्त तारीख आणि निमित्त.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची युक्ती. वरिष्ठांना "भाव वाढणार" सांगून उपयोग नव्हता, कारण सगळ्यांच्या डोक्यात स्वस्त तेलाचं चित्र पक्कं होतं. म्हणून १९७२ मध्ये वाकने उलटं केलं. तो म्हणाला, ठीक आहे, तेल स्वस्तच राहील असं धरू. पण त्यासाठी काय काय घडावं लागेल? भरमसाट नवीन तेल सापडावं लागेल. तेलवाल्या देशांनी स्वतःच्या हिताविरुद्ध, खुशीने उत्पादन वाढवत राहावं लागेल. शिवाय इतक्या वर्षांत एकही युद्ध किंवा मोठा अपघात होता कामा नये. या चित्राला नावच पडलं 'तीन चमत्कारांचं भविष्य'. ज्याला सगळे नेहमीचं, सुरक्षित भविष्य समजत होते, ते तीन चमत्कारांवर उभं होतं!

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल रोखलं, आणि बॅरलला ३ डॉलरच्या आसपास असलेला भाव १९७४ च्या सुरुवातीला १२ डॉलरच्या जवळ गेला. शेललाही युद्धाची तारीख माहीत नव्हती. पण "असं झालं तर" हा विचार त्यांच्या मॅनेजर्सनी एकदा करून ठेवलेला होता, त्यामुळे बाकीचे गोंधळलेले असताना ते नवीन परिस्थितीशी लवकर जुळले. मॅनेजमेंटच्या पुस्तकांत ही गोष्ट जरा मीठमसाला लावून सांगतात, जणू वाक ज्योतिषीच होता. तसं काही नव्हतं.

पाऊस पडून गेलाय का?

वाकला भारताची ओढ होती आणि त्याने एक उदाहरण आपल्याकडचंच दिलं. गंगेच्या वरच्या खोऱ्यात धो-धो पाऊस पडला, तर साधारण दोन दिवसांत ऋषिकेशला पाणी चढणार, मग काही दिवसांनी अलाहाबादला, मग बनारसला. बनारसच्या माणसाला आज कोरडं ऊन दिसत असेल, तरी त्याचा पूर निघालेला आहे. याला भविष्य सांगणं म्हणत नाहीत. पडून गेलेल्या पावसाचा हिशेब म्हणतात.

कोयनेतून पाणी सोडल्यावर सांगलीत लोक सामान वरच्या मजल्यावर का हलवतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळं समजावायला नको.

म्हणून सिनारिओ बनवताना दोन याद्या वेगळ्या ठेवतात. पहिली, पडून गेलेला पाऊस: जे घडणार हे आजच ठरलंय. दुसरी, खरोखर अनिश्चित गोष्टी. आपण बहुतेक वेळा दुसऱ्या यादीची चिंता करत बसतो आणि पहिली लिहितच नाही.

आता एका घराचं उदाहरण

माझा मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात त्याला एमएसला ॲडमिशन मिळाली. खर्च ४० लाख, कर्जासाठी कराडचं घर तारण. दुसरीकडे पुण्यातल्या एका कंपनीची साडेतीन लाखांची ऑफर होती. मामा मला म्हणाले, "तू त्याच लाइनमधला आहेस, सांग ना पुढे काय होणार ते." मी म्हणालो, "मामा, ते कोणालाच सांगता येणार नाही. पण कागद घ्या, वेगळा प्रश्न विचारून बघू."

पहिलं काम प्रश्न नीट करायचं. "अमेरिकेला पाठवू का?" हा प्रश्न धूसर आहे. "घर तारण ठेवून ४० लाखांचं कर्ज याच वर्षी घ्यायचं का, आणि २०३२ पर्यंत आपण कुठे असू?" हा प्रश्न चालतो. त्यात निर्णय आहे, रक्कम आहे, वर्ष आहे.

मग पडून गेलेला पाऊस. ४० लाख, ११ टक्के व्याज, १० वर्षं असं धरलं तर हप्ता महिन्याला साधारण ५५ हजार बसतो. शिकत असतानाचं व्याज भरलं नाही आणि ते मुदलात मिसळलं, तर तो ७० हजारांच्या घरात जातो. कोर्स संपला की ठरलेल्या मुदतीनंतर हप्ता सुरू होणार, नोकरी असो वा नसो. सध्याच्या नियमांनुसार शिक्षणानंतर अमेरिकेत कामाची परवानगी १२ महिने, आणि इंजिनिअरिंगसारख्या विषयांना आणखी २४ महिने. त्यानंतर लागणाऱ्या एच-१बी व्हिसाचा कायद्यातला कोटा वर्षाला ८५ हजार, आणि अर्ज त्याहून जास्त असतात म्हणून सोडत निघते. इथपर्यंत सगळं गुगलवर मिळतं. पण शेवटची ओळ मामींनी सांगितली: "हे २०२९ ला रिटायर होणार." हप्ते सुरू होणार त्याच सुमाराला घरातला पक्का पगार बंद होणार. एवढे दिवस घरात चर्चा चालू होती, पण या दोन तारखा एका कागदावर कोणी लिहिल्याच नव्हत्या.

आता अनिश्चित गोष्टी. यादी लांब झाली, रुपयाच्या भावापासून तब्येतीपर्यंत. त्यातल्या दोनच निवडायच्या, ज्यांचा परिणाम सगळ्यात मोठा आणि ज्यांचं उत्तर खरंच माहीत नाही. आम्ही घेतल्या या: अमेरिकेच्या व्हिसाचं दार उघडं राहील की अरुंद होईल? सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, म्हणजे हे दार किती पटकन हलतं ते दिसलंच. आणि दुसरी, एआयमुळे फ्रेशर्सना मिळणारं काम घटेल की टिकेल? मी रोज एआय टूल्स वापरून कोड लिहितो, तरी याचं उत्तर मला माहीत नाही. छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून जरा लांबच राहा.

एक अनिश्चितता आडवी, एक उभी. चौकोनाचे चार भाग पडले, चार भविष्यं झाली. त्यांना नावं द्यायची असतात, म्हणजे ती डोक्यात राहतात. भावाने दिलेली नावं अशी: 'दोन्ही दारं उघडी', 'शिक्का आहे, काम नाही', 'काम आहे, शिक्का नाही' आणि 'परत कराड'.

तिसऱ्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. काम आहे पण व्हिसा नाही, म्हणजे परदेशी कंपन्या तेच काम पुण्या-हैदराबादच्या त्यांच्या ऑफिसात आणणार. मग त्या ऑफिसात आत कोण शिरेल? अमेरिकेची डिग्री घेऊन परतलेला, की तेवढीच वर्षं पुण्यात काम केलेला? दोघांनाही संधी आहे, पण एकाच्या मानेवर ७० हजारांचा हप्ता आहे. मामा इथे गप्प झाले. "अमेरिका की पुणे" हा वाद या चित्रात उरतच नव्हता.

चौथं चित्र सांगायला सोपं आणि ऐकायला अवघड. हातात ३० हजार पगार, हप्ता ७० हजार, घर तारण.

मग वाकची युक्ती. कर्ज आरामात फिटायचं असेल, तर काय काय व्हावं लागेल? व्हिसाचे नियम तीन-चार वर्षं अनुकूल राहावेत, सोडतीत नाव यावं, फ्रेशरला नोकरी लवकर लागावी, आणि तोवर घरात कोणाचं मोठं आजारपण निघू नये. यातली एकेक गोष्ट अशक्य मुळीच नाही. हजारो मुलांचं होतंच की! पण चारही एकदम व्हायला हव्यात, हे कागदावर पाहिलं की ताण कळतो.

शेवटी प्रत्येक पर्याय चारही भविष्यांत ठेवून पाहिला. आत्ताच पूर्ण कर्ज: एका भविष्यात झकास, एकात लंगडत, दोनांत घर धोक्यात. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं, जिथे बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही: कर्ज खूप कमी, पण तिथे नोकरी हवी तर जर्मन नीट शिकावं लागतं आणि त्यालाही वेळ लागतो. आधी दोन वर्षं पुण्यात नोकरी, बचत, मग पुन्हा अर्ज: एकाही भविष्यात सर्वोत्तम नाही, पण चारही भविष्यांत उभा राहतो. त्यात भावाच्या एक गोष्ट लक्षात आली. जीआरईचा स्कोअर ५ वर्षं चालतो. म्हणजे नोकरी घेतल्याने दार बंद होत नाही, फक्त पुढे ढकललं जातं.

त्याने पुण्याची नोकरी घेतली. हे सगळ्यांसाठी बरोबर उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. ज्याच्या घरी दोन फ्लॅट आहेत त्याने पहिला पर्याय घेतला तर तो वेडेपणा नाही, कारण त्याचं चौथं भविष्य परवडणारं आहे. चौकोन तोच, निर्णय वेगळा.

खुणा लावून ठेवायच्या

इथे थांबलं तर हा नुसता एक छान रविवार होतो. प्रत्येक भविष्य जवळ येत असेल तर आधी काय दिसेल, त्या खुणा लिहून ठेवायच्या. भावाच्या गुगल शीटमध्ये चारच आहेत: शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीचे नियम, एच-१बीचे नियम, त्याच्या कॉलेजात कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या, आणि त्याची स्वतःची बचत. शेजारच्या रकान्यात "असं दिसलं तर हे करणार" हे आधीच लिहिलेलं. बातमी आल्यावर घाबरून ठरवायचं नाही म्हणून. कॅलेंडरमध्ये १ जानेवारी आणि १ जुलैचा रिमाइंडर. रोज बातम्या बघत बसायची गरज नाही.

आणखी दोन पद्धती, थोडक्यात

प्री-मॉर्टेम ही मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइनची पद्धत. काम सुरू करायच्या आधीच धरून चालायचं की ते पूर्ण फसलंय, आणि प्रत्येकाने का फसलं ते लिहायचं. "काही अडचण येईल का?" विचारलं की सगळे गप्प बसतात. "फसलंच आहे, कारण सांगा" म्हटलं की खरं बाहेर येतं. आमच्या टीममध्ये मोठ्या रिलीजआधी हे करतो, अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरी डेल्फी, तीही रँडमध्येच जन्मलेली. जाणकारांना वेगवेगळं, नाव न सांगता विचारायचं, सगळ्यांची उत्तरं सगळ्यांना दाखवायची आणि पुन्हा विचारायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर ज्याचा आवाज मोठा त्याचं मत जिंकतं, ते टळतं. दहा सीनियर्सना गुगल फॉर्म दोनदा पाठवा, झाली तुमची छोटी डेल्फी.

कुठे फसते ही पद्धत?

सगळ्यात नेहमीचा घोळ म्हणजे चांगलं, वाईट आणि मधलं अशी तीन चित्रं काढणं. मग सगळे मधलं धरतात आणि आपण परत अंदाजावर येतो. दुसरा घोळ, आवडतं चित्र निवडून बाकीची शोभेला ठेवणं.

दक्षिण आफ्रिकेत १९९१-९२ मध्ये झालेला मॉं फ्लर हा प्रयोग यासाठी बघण्यासारखा आहे. वर्णभेदी राजवट संपत होती, पुढे काय याचा पत्ता नव्हता. वेगवेगळ्या राजकीय बाजूंची २२ माणसं एकत्र बसली आणि चार चित्रं घेऊन उठली: शहामृग, लंगडं बदक, इकारस आणि फ्लेमिंगोंची भरारी. इकारस म्हणजे नवं सरकार लोकांना खूश करायला वारेमाप खर्च करतं आणि अर्थव्यवस्था कोसळते. हे चित्र ज्यांचं सरकार येणार होतं त्यांना नकोसं होतं. तरी ते कागदावर राहिलं आणि त्यावर बोलणं झालं. तुमच्या चार चित्रांत एकही असं नसेल जे बघून घरातलं कोणीतरी अस्वस्थ होतं, तर पुन्हा बसा.

आणि हो, एआय चॅटबॉटला चार सिनारिओ लिहून मागायचा मोह होईल. तो देईलही, एकदम गुळगुळीत. पण घरातल्या पगाराची आणि रिटायरमेंटची तारीख त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. आधी स्वतः लिहा, मग त्याला तुमच्या चित्रांतल्या चुका काढायला सांगा. त्या कामाला तो चांगला आहे.

पहिल्यांदा करताना दोन-अडीच तास धरा, आणि फोनवर करू नका. मोठा कागद घ्या, ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार त्या सगळ्यांना भोवती बसवा. शीट आणि रिमाइंडर त्यानंतर.